यंत्रामागचा माणूस : वैद्यकीय प्रतिमाशास्त्रातील शिक्षण आणि प्रमाणपत्रे

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात मुखेड येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जैन परंपरेने श्रावकाला चार दाने सांगितली : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. पन्नास वर्षे चाललेल्या कोणत्याही न्यासाची वही उघडली तर पहिल्या दोन दानांच्या नोंदींनी तिची पाने भरलेली दिसतात. दुष्काळात अन्नछत्र, उन्हाळ्यात पाणपोई, वर्षातून एक-दोन आरोग्य शिबिरे, गरजूंना औषधे. अलीकडच्या काळात औषधदानाने निराळे रूप घेतले आहे. ते आता यंत्राच्या रूपाने येते. कोठे क्ष-किरण यंत्र, कोठे डायलिसिसचे यंत्र, एखाद्या मोठ्या शहरात तर थेट सीटी स्कॅन किंवा एमआरआय. यंत्राचे लोकार्पण करता येते, त्याची फीत कापता येते, दात्याच्या मातापित्यांच्या नावाचा संगमरवरी फलक भिंतीवर बसविता येतो. हे सारे योग्यच आहे. परंतु ते यंत्र चालविणाऱ्या माणसाच्या शिक्षणासाठी देणगी दिल्याचा फलक सहसा कोठे आढळत नाही. आजच्या विषयाचे कारण हेच आहे.

मुखेड तालुक्यातील स्थिती लक्षात घ्यावी. मुक्रमाबाद, बाऱ्हाळी किंवा जांबच्या परिसरातील एखाद्या तांड्यावर पन्नाशीच्या शेतकऱ्याला पहाटे अर्धांगवायूचा झटका आला, तोंड वाकडे झाले, उजवा हात उचलेना, तर पुढील काही तास त्याच्या उरलेल्या आयुष्याचा निवाडा करणारे असतात. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळविणारे इंजेक्शन आहे. परंतु ते लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. उलट, रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाला असेल तर तेच इंजेक्शन प्राणघातक ठरते. गुठळी की रक्तस्राव, हे बाहेरून पाहून नाडीवरून खात्रीने सांगता येत नाही. सीटी स्कॅनच ते सांगतो. मुखेडहून नांदेड काय किंवा लातूर काय, सुमारे दोन तासांची वाट. तांड्यावरून मुख्य रस्त्यापर्यंत येण्याचा वेळ वेगळा. इतके करून रुग्ण यंत्राच्या दाराशी पोहोचला आणि रात्रपाळीला यंत्र चालविणारा प्रशिक्षित तंत्रज्ञच नसेल, तर कोट्यवधींचे ते यंत्र त्या घटकेला निव्वळ लोखंड असते.

केवळ यंत्राने वैद्यक होत नाही, हे मुखेडच्या लोकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. सर्पदंशावरील उपचारांसाठी येथील डॉ. दिलीप पुंडे यांचे नाव मराठवाड्याबाहेरही घेतले जाते. घोणस, फुरशासारख्या सापाचे विष रक्ताच्या गोठण्यावर परिणाम करीत आहे काय, हे ओळखण्याची जगभर मान्य झालेली एक चाचणी आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घ्यावयाचे आणि वीस मिनिटे न हलविता ठेवावयाचे. काचेची नळी काही रुपयांची. मोल आहे ते वीस मिनिटांनंतर त्या नळीकडे काय पाहायचे हे शिकलेल्या डोळ्याचे. हाच नियम मोठ्या यंत्रांनाही लागू आहे, आणि तेथे चुकीची किंमत अधिक मोठी आहे.

या शास्त्राचा आरंभ ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे झाला. विल्हेल्म रॉन्टगेन यांना त्या दिवशी अज्ञात किरणांचा शोध लागला. अज्ञात म्हणून ‘एक्स’, आणि मराठीत ‘क्ष’. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांनी शोधाचे पेटंट घेतले नाही आणि पारितोषिकाची रक्कम आपल्या विद्यापीठास देऊन टाकली. अपरिग्रह हा शब्द त्यांनी कधी ऐकलाही नसेल, पण जगभरातील रुग्णालयांत क्ष-किरण इतक्या वेगाने पोहोचले याला त्यांची ही वृत्तीही कारणीभूत आहे.

त्यानंतर पाऊण शतकाने सीटी स्कॅन आला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे या यंत्राने चित्रण झाले. ते यंत्र घडविणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, अभियांत्रिकीची पदविका होती. १९७९ चे नोबेल त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासमवेत मिळाले. एमआरआयसाठी २००३ चे नोबेल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना विभागून मिळाले. यांपैकी मॅन्सफील्ड यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडली होती आणि ते छापखान्यात कामाला लागले होते. पुढे नोकरी सांभाळून त्यांनी राहिलेले शिक्षण पूर्ण केले. १९७८ मध्ये पोटाचे चित्रण करावयाचे ठरले तेव्हा यंत्रात प्रथम ते स्वतःच शिरले.

ही दोन चरित्रे मुद्दाम सांगण्याचे प्रयोजन आहे. मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर भागातील शेकडो मुले-मुली दरवर्षी लातूरला शिकवणीसाठी जातात. ‘लातूर पॅटर्न’ने अनेक सामान्य घरांतून डॉक्टर घडविले, हे निर्विवाद आहे. परंतु ज्यांना नीट परीक्षेत एमबीबीएसपुरते गुण मिळत नाहीत, त्यांची संख्या मिळणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक असते. एक वर्ष पुन्हा, मग आणखी एक वर्ष. वडिलांचे सोयाबीन त्या शिकवणीच्या शुल्कात जाते आणि मुलगा घरी परततो तो अपराध्यासारखा. वैद्यकीय सेवेत डॉक्टरखेरीज दुसरे सन्माननीय स्थान असू शकते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. प्रतिमाशास्त्राचा तंत्रज्ञ हे तसे एक स्थान आहे.

पहिल्या महायुद्धात मादाम मारी क्युरी यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. जखमी सैनिकांच्या शरीरातील गोळ्या शोधण्यासाठी त्यांनी मोटारींवर क्ष-किरण यंत्रे बसविली आणि त्या आघाडीवर नेल्या. सैनिक त्या गाड्यांना प्रेमाने ‘छोट्या क्युरी’ म्हणत. वर्गणी जमली, गाड्या मिळाल्या, यंत्रेही आली. तेव्हा ध्यानात आले की ती चालवावयास माणसे नाहीत. मादाम क्युरींनी १९१६ पासून पॅरिसमध्ये प्रशिक्षणवर्ग सुरू केला आणि सुमारे दीडशे स्त्रियांना तयार केले. त्यांची कन्या आयरीन त्या कामात त्यांच्या सोबत होती. त्या स्त्रियांना शरीररचना, विजेचे प्राथमिक ज्ञान आणि प्रत्यक्ष चित्रण शिकविले जाई. दोन नोबेल पारितोषिके मिळविलेल्या विदुषीने आपला वेळ नव्या शोधाऐवजी तंत्रज्ञ घडविण्यात घालविला.

आजचा तंत्रज्ञ नेमके काय करतो? ‘बटण दाबतो’ हा सार्वत्रिक समज आहे आणि तो अत्यंत अपुरा आहे. सीटी स्कॅनसाठी शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य द्यावे लागते, तेव्हा रुग्णाची मूत्रपिंडे ते सोसतील काय, पूर्वी कधी ॲलर्जी झाली होती काय, हे त्यानेही विचारावयाचे असते. स्त्री रुग्ण गर्भवती असण्याची शक्यता आहे काय, हा प्रश्न संकोच न आणता आणि संकोच न वाटू देता विचारावा लागतो. लहान मुलाला प्रौढाइतकीच मात्रा दिली तर चित्र उत्तम येते, पण मुलाच्या कोवळ्या पेशींवर अकारण किरण पडतात; म्हणून वजनानुसार मात्रा कमी करणे हे त्याच्या हातात असते. छातीच्या एका साध्या क्ष-किरण चित्रात साधारणतः ०.१ मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सर्ग मिळतो, तर पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये सात-आठ मिलिसिव्हर्ट. जमीन, आकाश आणि अन्न यांतून माणसाला निसर्गतःच वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतो. रुग्ण श्वास रोखताना हलला, चित्र बिघडले आणि स्कॅन पुन्हा करावा लागला, तर ती सात-आठची रक्कम दुप्पट होते. श्वास केव्हा व कसा रोखावा हे रुग्णाच्या बोलीत, मग ती मराठी असो, गोरमाटी असो वा उर्दू, त्याला समजेल असे सांगणे हेही कौशल्यच होय.

एमआरआयची गोष्ट निराळी. तेथे क्ष-किरण नाहीत, परंतु दीड टेस्ला शक्तीचा चुंबक आहे; पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक बलवान. द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड ठेवलेला हा चुंबक दिवस असो वा रात्र, तपासणी चालू असो वा नसो, सतत जागा असतो. खोलीतील दिवे मालविले म्हणजे चुंबक बंद झाला, ही समजूत जीवघेणी आहे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णाचा नातलग असलेला ३२ वर्षांचा तरुण प्राणवायूचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकाने सिलिंडर खेचला, त्यासोबत तो तरुणही खेचला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. ज्या दारावर प्रशिक्षित, सावध माणूस उभा आहे आणि कोणाही व्यक्तीला, मग ती डॉक्टर का असेना, खिसे रिकामे केल्याशिवाय आत सोडत नाही, तेथे असे घडत नाही. जैन आचारात पाच समित्या सांगितल्या आहेत. त्यांतील एक ‘आदान-निक्षेपण समिती’, म्हणजे वस्तू उचलताना व ठेवताना जीवहिंसा होऊ नये म्हणून बाळगावयाची सावधगिरी. एमआरआयच्या दारावर तिचा अर्थ फार शब्दशः लागू पडतो.

तंत्रज्ञाच्या स्वतःच्या सुरक्षेचे काय? व्यापारी घरांतील श्रोत्यांना समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर किरणोत्सर्गाची खतावणी ठेवली जाते. क्ष-किरण विभागात काम करणाऱ्याने छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत, टीएलडी नावाचा बिल्ला लावावयाचा असतो. तो ठरावीक काळाने तपासणीस जातो आणि त्या अवधीत किती किरणोत्सर्ग मिळाला याची नोंद होते. भारतात या क्षेत्राचे नियमन १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ करते. त्याने घातलेली मर्यादा अशी : लागोपाठच्या पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा अधिक नाही. बिल्ला म्हणजे कवच नव्हे. तो केवळ हिशेब आहे. काही ठिकाणी बिल्ला खुंटीला टांगलेला असतो आणि माणूस आत काम करीत असतो. अशा वहीत जमा-खर्च जुळतो खरा, पण तिजोरीत काय आहे ते कळत नाही. खरे संरक्षण तीन गोष्टींत आहे : किरणांजवळ कमी वेळ राहणे, दूर उभे राहणे आणि मध्ये शिशाचा आडोसा असणे. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता एक चतुर्थांश होते.

मुलींच्या बाबतीत पालक हमखास विचारतात की या कामाने पुढे मूल होण्यास अडचण येते काय. मर्यादेत व नियमाने काम करणाऱ्या स्त्रीला अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. गर्भधारणा झाल्याचे तिने कळविल्यानंतर गर्भाला उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक किरणोत्सर्ग मिळू नये अशी व्यवस्था करणे हे संस्थेचे कर्तव्य आहे, आणि एमआरआय विभागात क्ष-किरणांचा संबंधच नसतो. शिवाय स्त्री रुग्णांची तपासणी करण्यास स्त्री तंत्रज्ञ असावी, ही ग्रामीण भागातील खरी आणि न बोलली जाणारी गरज आहे.

आता प्रमाणपत्रांविषयी. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला या क्षेत्रात पदविका किंवा पदवी घेता येते. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची ‘बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी’ ही पदवी आहे. इतर विद्यापीठांच्या बी.एस्सी. पदव्याही आहेत. तीन वा अधिक वर्षांचा अभ्यास आणि त्यासोबत रुग्णालयातील आंतरवासिता, असे त्यांचे स्वरूप असते. राज्याचा ‘महाराष्ट्र परावैद्यक परिषद अधिनियम, २०११’ होताच. त्यानंतर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापण्याचा कायदा केला आणि प्रतिमाशास्त्राच्या तंत्रज्ञांना प्रथमच देशपातळीवर स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्यता मिळाली. या कायद्याने शिक्षणाचे किमान तासही ठरवून दिले. सहयोगी व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत मिळून किमान २,००० तास. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत मिळून किमान ३,६०० तास.

हे आकडे पालकांनी लक्षात ठेवावेत. तालुक्या-जिल्ह्याच्या गावांतून ‘सहा महिन्यांत एक्स-रे, सीटी, एमआरआय टेक्निशियन, नोकरीची हमी’ असे फलक दिसतात. सहा महिन्यांचे सुमारे १८० दिवस. एकही सुटी न घेता रोज अकरा तास शिकविले तरच २,००० तास भरतील. हा हिशेब पाचवीच्या मुलालाही करता यावा. तरीही असे वर्ग भरतात, कारण त्यांचे शुल्क पदवीपेक्षा कमी असते आणि प्रमाणपत्राचा कागद जाड व सोनेरी असतो. अशा ठिकाणी प्रवेश घेण्यापूर्वी पदवी कोणत्या विद्यापीठाची, तिच्यावर परिषदेत नोंदणी होईल काय आणि शिकण्यासाठी जोडलेल्या रुग्णालयात सीटी व एमआरआय प्रत्यक्ष आहेत काय, हे विचारावे, आणि उत्तर लेखी मागावे. लेखी म्हटले की पुष्कळदा संभाषण तेथेच संपते.

सोनोग्राफीविषयी विशेष सावधगिरी हवी. अमेरिकेत सोनोग्राफर हा तंत्रज्ञांचा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्याकडे पाहून येथेही ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ अशी जाहिरात केली जाते. भारतात गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे ही तपासणी विहित पात्रतेच्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करावयाची आहे. तंत्रज्ञाला ती स्वतंत्रपणे करता येत नाही. एवढेच नव्हे, बेकायदा तपासणी करणाऱ्या केंद्रातील नोकरदारही या कायद्याने शिक्षेस पात्र ठरतो; पहिल्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. ‘साहेबांनी सांगितले म्हणून केले’ हा बचाव होऊ शकत नाही. असा कायदा करण्यात महाराष्ट्र देशात पहिला होता, १९८८ मध्ये. तरीही २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या केवळ ८०७. किडामुंगी वाचविण्यासाठी पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने हा आकडा दुसऱ्या कोणाचा म्हणून बाजूला सारू नये. ज्या यंत्राने गर्भातील हृदयाचा दोष कळतो, त्याच यंत्राने हेही घडले.

पेट स्कॅनचे शास्त्र याहून सूक्ष्म. कर्करोगाचा माग काढण्यासाठी रुग्णाला किंचित किरणोत्सारी साखर टोचली जाते. तिच्यातील फ्लोरिन-१८ चे अर्धे आयुष्य ११० मिनिटांचे. सकाळी मुंबईहून निघालेल्या मात्रेतील सात तास वीस मिनिटांनी केवळ सोळावा हिस्सा उरतो. रात्रभराच्या रेल्वेने ती नांदेडला आणावयाची म्हटले तर हाती जवळजवळ काहीच लागणार नाही. म्हणूनच ती घडविणारे सायक्लोट्रॉन यंत्र वाजवी अंतरावर असावे लागते. देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या या संस्थेत विज्ञानाच्या पदवीधरांसाठी अणुवैद्यकाच्या तंत्राचे शिक्षण दीर्घकाळ दिले जात आहे. बी.एस्सी. होऊन बसलेल्या मुखेडच्या तरुणाने या वाटेची चौकशी अवश्य करावी.

परदेशाची ओढ असणाऱ्यांनी एवढेच जाणावे की भारतातील पदवी तेथे आपोआप चालत नाही. अमेरिकेत १९२२ पासून तंत्रज्ञांची स्वतंत्र नोंदणी संस्था आहे. तिची परीक्षा द्यावी लागते. २०११ पासून दिलेल्या प्रमाणपत्रांची तर दहा वर्षांनी फेरतपासणी होते. एकदा मिळालेला कागद चौकटीत लावून आयुष्यभर पुरविण्याची सोय तेथे राहिलेली नाही. ती प्रथा इकडेही यावयास हरकत नाही.

शेवटी न्यासाच्या कार्याकडे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा या भागातील प्रत्येक गावातून अन्न, वस्त्रे, ब्लँकेट्स गेली. ती आवश्यकच होती. त्याच वेळी शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. ब्लँकेट्स केव्हाच विरली. ती मुले आज चाळिशीच्या आसपासची, आपापल्या पायांवर उभी असलेली माणसे आहेत. कर्मवीर भाऊराव पाटील हेही जैन कुळातलेच. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करून त्यांनी ‘कमवा आणि शिका’ ही रीत घालून दिली. विद्यार्थ्याला दान हवे, पण त्याचा ताठ कणा वाकविणारे दान नको, हा तिचा आशय होता.

सुवर्णमहोत्सवी निधीतून यंत्र घ्यावे की नाही, हा विश्वस्तांचा अधिकार. परंतु त्या निधीच्या व्याजातून दरवर्षी तालुक्यातील दोन विद्यार्थ्यांचे, त्यांत एक मुलगी, प्रतिमाशास्त्राच्या पदवीचे शुल्क व वसतिगृहाचा खर्च उचलता येईल. निवड करताना जात-धर्म पाहू नये. रुग्ण तो पाहून आजारी पडत नाही. शिकल्यानंतर काही वर्षे मुखेड, नांदेड किंवा लातूरच्या रुग्णालयात काम करावे, अशी अपेक्षा जरूर व्यक्त करावी. मात्र तिला कागदी बंधपत्राचे रूप देऊ नये, कारण कोंडून ठेवलेला माणूस रात्रपाळीला झोपतो. त्याऐवजी आंतरवासितेच्या काळात विद्यावेतन द्यावे, परिषदेच्या नोंदणीचे शुल्क भरावे आणि दरवर्षी जून महिन्यात, बारावीचा निकाल लागला की, मुखेडमध्ये पालकांसाठी एक मार्गदर्शनाचा दिवस ठेवावा. त्या दिवशी शासकीय रुग्णालयातील एखादा अनुभवी तंत्रज्ञ बोलवावा आणि त्याला व्यासपीठावर डॉक्टरांच्या शेजारी बसवावे.